भिंतीपलीकडे ऐकू जाईल असा

हातमोज्याच्या करंगळीचं टोक आज रिकामंच लोंबत राहिलं. बाकीची बोटं आपापल्या जागी गेली, अंगठा तर सवयीने आधीच जाऊन बसला, पण करंगळी मधल्या पेराशी अडली ती अडलीच. चामडं कोमट पाण्यात बुडवून झालं, आत पावडर भुरभुरवून झाली. वर्षानुवर्षं भिजून-वाळून आकसलेला तो मोजा आणि शनिवारपासून सुजून टच्च झालेलं ते पेर, दोघंही हट्टाला पेटल्यासारखी एकमेकांना जागा देईनात... आणि काचेपलीकडून रेकॉर्डिस्टने हेडफोनमध्ये विचारलं, ताई, झालं का? तिने मान हलवली. झालं. काय झालं, कसं झालं असं पुढे कुणी विचारणार नसलं की झालं म्हणणं सोपं जातं.

समोरच्या पडद्यावर एक स्वयंपाकघर थांबलेलं होतं. ओट्याशी नवरा हात उगारून उभा, डोळे लाल, केस विस्कटलेले, शर्टाची वरची बटणं उघडी. बायको मान वळवून, पदर घट्ट धरून. खरं तर नटाचा हात नटीच्या गालापासून वीतभर लांबूनच गेला होता. तो गालावर बसायचा तो इथे, या बंद खोलीत, स्टुलावर ठेवलेल्या शेकायच्या रबरी पिशवीवर — अर्धी पाण्याने भरलेली, वर जुन्या सुती फडक्याची एक घडी. मालिकेतल्या माणसांची चाल, त्यांची दारं, त्यांचे कप, त्यांच्या हातून पडणारी भांडी, सगळं तीच पुरवायची. स्टुडिओत तिला खडखडताई म्हणत, आणि नव्याने आलेल्या एका मुलीने तर पहिले काही दिवस ते तिचं आडनावच समजून आदराने वापरलं होतं. तिला त्याचं हसू यायचं. आपण ज्या नावाने ओळखले जातो त्यातली खडखड आपल्या घरात औषधालाही नाही, हे मात्र तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

लाल दिवा लागला. तिने श्वास धरला. स्वयंपाकघर हललं, हात खाली आला, आणि तिचा हात त्याच क्षणी पिशवीवर पडला. करंगळीतून एक कळ थेट कोपरापर्यंत गेली.

दिग्दर्शक आज स्वतः येऊन बसला होता. एरवी तो असल्या कामाला फिरकत नसे. त्याने मान तिरपी करून ऐकलं, पुन्हा ऐकलं, आणि म्हणाला की मऊ येतंय. माणूस रागावून मारतोय असं वाटत नाही, थोपटतोय असं वाटतं. तिने पुन्हा दिलं. पुन्हा मऊ. चार बोटांच्या हाताला पाच बोटांचं वजन कुठून येणार, पण हे काही तिला सांगता येण्यासारखं नव्हतं. मग तो काचेच्या अगदी जवळ आला आणि समजावणीच्या सुरात म्हणाला,

"ताई, पुढचा सीन लक्षात घ्या. शेजारचे हे ऐकूनच धावत येतात. म्हणजे भिंतीपलीकडे ऐकू जाईल असा पाहिजे मला. नाहीतर ते येतील कशाला?"

नाहीतर ते येतील कशाला. खरंच होतं त्याचं. त्याला काय ठाऊक की कालच एकजण आलीही होती... म्हणजे काल नाही, आज सकाळी. काल फक्त ऐकलं होतं तिने.

काल रविवार. हात असा, आणि सोमवारी थपडेचं काम, म्हणून तिने घरीच सराव करून बघायचं ठरवलं. पंजा पूर्ण उघडून जमत नव्हतं, तर मनगटातून झटका देऊन, हात थोडा तिरका पाडून जमेल का? आणि घरात टणक, उसळता आवाज येणारी जागा एकच — बाथरूम. चारी बाजूंनी फरशी, वर एक झरोका, तो हवेच्या बोळात उघडणारा. त्याच बोळात शेजारच्या काकूंचाही झरोका उघडतो. पिशवी पालथ्या बादलीवर ठेवून ती दुपारभर ठोकठोक करत बसली होती. थांबायची, करंगळी नळाच्या पाण्याखाली धरायची, पुन्हा द्यायची. बाहेरच्या खोलीत नवरा पेपरातलं शब्दकोडं सोडवत होता. मध्येच दारावर हलकेच टकटक करून त्याने विचारलंही होतं, चहा टाकू का? इतक्या मायेने, की ऐकणाऱ्याला वाटावं काय नशीब काढलंय बाईने.

आणि आज सकाळी, ती कुलूप लावत असताना, काकू आपल्या दारातून बाहेर आल्या. आल्या म्हणजे दबा धरूनच बसलेल्या असणार, कारण दुधाची पिशवी हातात धरून त्या नुसत्याच उभ्या होत्या. काकू तशा बोलघेवड्या. जिन्यात भेटल्या की मालिकेच्या कालच्या भागापासून सुरू होणार. आज मात्र त्यांना शब्द सापडेनात. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, जिन्यात कुणी नाही याची खात्री करून घेतली, आणि अगदी हळू म्हणाल्या,

"काल दुपारी मी बाथरूममध्ये कपडे भिजवत होते. मला सगळं ऐकू आलं गं. मी काही विचारत नाही. पण माझं दार नुसतं लोटलेलं असतं, एवढं लक्षात ठेव. कधीही ये."

तिला आधी हसूच फुटणार होतं. ओठांपर्यंत आलं होतं ते — अहो काकू, ते माझं काम! ती शेकायची पिशवी होती! — आणि दोघी जिन्यात पोट धरून हसल्या असत्या, काकूंनी कपाळावर हात मारून घेतला असता. पण ते हसू ओठांवरच थिजलं. कारण काकूंचे डोळे भरून आले होते. तिच्यासाठी. इतक्या वर्षांत कुणाचे डोळे तिच्यासाठी भरले नव्हते, आणि ते आता भरले तर एका रबरी पिशवीमुळे. तिने किल्ली पर्समध्ये टाकली. खाली मान घालून जिना उतरली, आणि खालच्या वळणावर आल्यावर तिच्या लक्षात आलं, की हे असं खाली मान घालून उतरणं काकूंनी मालिकेत शंभरदा पाहिलंय. त्यांना आता कसली शंकाच उरली नसेल.

"ताई, रेडी?"

तिने श्वास धरला. हात पडला. दिग्दर्शकाने तोंड वाकडं केलं. अजून.

काकूंना तो आवाज ओळखू आला, कारण तो त्यांना तिनेच शिकवला होता. वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी, त्यांच्या बैठकीच्या खोलीत, मालिकेमागून मालिका. मार म्हणजे असा. आधी भांडं पडतं, मग नवरा ओरडतो, मग ही सणसणीत, कोरडी, टाळीसारखी थप्पड, मग दाराची कडी. काकूच कशाला, सगळ्या शहराच्या कानात तिने हाच आवाज भरून ठेवला होता, आणि आता शहर त्या आवाजाची वाट बघत बसलं होतं. तो आला नाही तर काही झालंच नाही. ती तरी काय वेगळी होती? लग्नानंतर काही महिन्यांनी, धीर करून, थोरल्या बहिणीला फोनवर सांगायला गेली होती. सांगणार काय, शब्दच नव्हते, नुसतं चाचपडत होती. तेव्हा बहिणीने सरळ विचारलं, मारतो का? आणि ती नाही म्हणाली. अगदी प्रामाणिकपणे नाही म्हणाली. मारणं म्हणजे काय ते तिला चांगलं माहीत होतं, रोजचं कामच ते; घरी चालायचं ते त्यातलं नव्हतं. बहिणीने सुटकेचा निःश्वास टाकला, आणि मग काय बाई, म्हणाली, संसारात थोडंफार व्हायचंच. त्यानंतर दोघी भाच्याच्या परीक्षेबद्दल बोलल्या.

तो दारू पीत नाही. ओरडत नाही. त्याचे डोळे लाल नसतात, उलट फार शांत, तपकिरी, समोरच्याकडे नीट बघणारे असतात. दिवसभर तो चष्म्याच्या दुकानात, मागच्या अंधाऱ्या खोलीत लोकांचे डोळे तपासतो. एक भिंग घालायचं, एक काढायचं, आणि मऊ आवाजात विचारायचं, हे बरं... की हे? आता बरं दिसतंय... की मघाशी? पहिल्यांदा ती त्याच्या खुर्चीत बसली तेव्हा तिला वाटलं होतं, इतक्या सबुरीने आपल्याला काय बरं वाटतं हे आजवर कुणी विचारलंच नाही. त्या सबुरीवरच तर भाळली ती. बारीक स्क्रूंची सवय असलेली त्याची बोटं, किती पिळलं की घट्ट बसतं आणि किती पिळलं की मोडतं, हे त्यांना बरोबर कळतं. शनिवारी संध्याकाळी तो सोफ्यावर तिच्या शेजारी बसला, तिचा हात मांडीवर घेतला. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर नवरा-बायको हातात हात घेऊन बसलीत असंच दिसलं असतं. ती स्टुडिओतून उशिरा आली होती, एवढंच कारण. एवढंसुद्धा लागायचं नाही कधीकधी. आणि करंगळी हळूहळू मागे नेत, त्याच त्या आवाजात तो म्हणाला, एवढं दुखतंय... की एवढं?

कसला आवाज होतो त्याचा? तिने व्यवसायाच्या सवयीने ते ऐकलं होतं. सांध्यातून एक बारीकशी कुरकुर. नवी चप्पल पहिल्या पावलाला करते, तेवढी. माइक बोटभर अंतरावर धरला तरी नीट यायची नाही.

पडद्यावरचा सीन पुढे गेला होता. दुसऱ्या दिवशीची सकाळ. नटीच्या डोळ्याखाली निळसर डाग, आणि शेजारीण विचारतेय काय झालं म्हणून. पायरीवरून पडले, नटी म्हणाली. रेकॉर्डिस्टने च्यक् केलं. दिग्दर्शक समाधानाने म्हणाला, हे वाक्य मुद्दाम ठेवलंय, प्रेक्षकाला ताबडतोब कळतं. तिने त्या सकाळचा कप बशीत ठेवला, नटीची पावलं फरशीवर चालवली, खुर्ची सरकवली. मग दिग्दर्शक फोन घेऊन बाहेर गेला आणि रेकॉर्डिस्ट दार उघडून आत आला. भला माणूस, तिच्यापेक्षा लहान, दोन मुलींचा बाप. माइकची मान सरळ करताना त्याची नजर तिच्या हाताकडे गेली.

"ताई, अहो, बोटाला काय झालं हे?"

"दारात सापडलं."

"अरे बाप रे. जपा हो. तुमचं सगळं हातावर." आणि तो खरोखरच कळवळून बर्फ आणायला गेला.

ती तशीच उभी राहिली. आत्ता, पाचच मिनिटांपूर्वी, पायरीचं नाव निघताच ज्याने च्यक् केलं, त्याला दार पटलं. पटणारच. त्याला दाखवण्यासारखं तिच्याकडे काय होतं? डोळ्याखाली डाग नाही, आणि मागून वाजणारं उदास संगीत नाही. तिला त्याचा राग आला नाही, नुसतं खूप एकटं वाटलं. बर्फ आल्यावर तिने बोट त्यात खुपसलं आणि डोळे मिटले... माझं दार नुसतं लोटलेलं असतं.

तेवढं एक वाक्य ती सकाळपासून तोंडात धरून होती. लहानपणी खडीसाखर गालात ठेवून द्यायची आणि ती विरघळू नये म्हणून बोलायचीच नाही, तशी. लोटलेलं दार. पण ते दार उघडलं होतं खोट्यासाठी. काकू ज्या बाईसाठी रडल्या ती बाई बादलीवरच्या पिशवीत होती. त्यांना खरं सांगायचं तर आधी ते खोटं होतं हे सांगावं लागणार. काकू, काल ऐकलंत ते माझं काम होतं, पण... आणि त्या पणच्या पुढे वाक्य जाईना. पण तसं काहीतरी आहे. पण ते ऐकू येत नाही. कुणी ऐकेल का असलं? तुम्ही ऐकलंत ते झालंच नाही, आणि जे झालं ते तुम्ही ऐकलं नाहीत? वेड लागलंय म्हणतील. की सांगूच नये? राहू द्यावा त्यांचा समज? काकू, हो, मारतो. सरळ, सोपं, सगळ्यांना कळणारं. एका खोट्या थपडेच्या आधाराने खरं आत सरकवावं, कुणाला काय फरक पडतो? मला पडतो, तिला वाटलं. आयुष्यभर मी पिशव्या बडवून लोकांना खरं वाटायला लावलं. माझ्यापुरतं एकदा तरी पिशवीशिवाय कुणाला खरं वाटावं.

दिग्दर्शक परत आला. शेवटी तिने मोजा काढून फेकला, उघडा हात पाण्यात बुडवला आणि आपल्याच मांडीवर मारून घेतलं. खणखणीत. स्टुडिओच्या भिंतींनीही दचकावं असं. दिग्दर्शकाने अंगठा वर केला. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्याला काचेतून दिसलं नसावं, किंवा कामातली तन्मयता वाटली असावी.

घरी जाताना तिचं ठरलं होतं. काकूंकडे आधी जायचं, घराचं कुलूप नंतर. लोटलेलं दार ढकलायचं, आणि काही न बोलता हा हात त्यांच्यापुढे धरायचा. बोटालाच सांगू दे. काकू शहाण्या आहेत, सुजेचा रंग त्यांना कळतो. आणि नाहीच कळलं तर मग बोलायचं, त्या पणपासूनच सुरुवात करायची, वाक्य मोडलं तर मोडलं. बसमध्ये, रस्ता ओलांडताना, खालच्या फाटकाशी, प्रत्येक ठिकाणी तिने ते थोडं थोडं म्हणून पाहिलं. जिन्याच्या पहिल्या पायऱ्या ती भराभर चढली. किती दिवसांत इतकी हलकी पावलं पडली नव्हती तिची.

वरून हसण्याचा आवाज येत होता.

काकूंचं दार सताड उघडं होतं, आणि दारात काकू आणि तिचा नवरा. तो आज लवकर आला होता. त्याच्या हातात काकूंचा चष्मा, दुसऱ्या हातात खिशातला इवलासा पेचकस; चष्म्याची सैल झालेली काडी तो घट्ट करत होता. काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईतो. सकाळी याच डोळ्यांतून आलं होतं.

"ये गं ये, बघ तुझ्या नवऱ्यासमोर माझी किती शोभा झाली," त्या म्हणाल्या. आणि सांगत सुटल्या. संध्याकाळी हा जिन्यात दिसला तशी त्यांना राहवलं नाही, चांगलं खडसावलंच त्यांनी याला, सुनेसारखी आहे ती मला म्हणून. आणि हा बिचारा आधी बघतच राहिला, मग हसायला लागला, मग हाताला धरून त्यांना घरात घेऊन गेला आणि बाथरूम दाखवली, पालथी बादली दाखवली, सगळं उकलून सांगितलं. एका शब्दाने रागावला नाही. दुसरा कुणी असता तर तोंडावर दार लावलं असतं.

"आणि मी काय काय मनात आणलं बाई! या मालिका बघून बघून डोकंच फिरलंय माझं. आता तुमच्याकडे कितीही धडाधडा आवाज झाले ना, मी म्हणेन, चाललंय पोरीचं काम."

"तसंच म्हणा, काकू," तो हसून म्हणाला.

"पण मग ते रडणं-किंचाळणं? तेही हीच करते?"

"नाही, नाही." तो काटेकोर माणूस, कामाबद्दल चुकीचं काही त्याच्याकडून बोललं जात नाही. "तोंडाने जे काही येतं ते सगळं नटीचं. ही फक्त हातापायांचं करते."

ती शेवटच्या पायरीवर होती. तिथूनच तिने हात पुढे केला. सगळं ठरवल्यापेक्षा वेगळं झालं होतं, तरी हात आपणहून पुढे गेला. काकूंच्या दिशेने, करंगळी वर करून. काकूंनी तिच्याकडे पाहिलं, प्रेमाने पाहिलं, डोळे बारीक करून पाहिलं, आणि त्यांना ती कुणीतरी धूसर, उभी, हात हलवणारी बाई दिसली असेल, कारण चष्मा अजून त्याच्या हातात होता. त्यांनीही हसून हात हलवला. त्याने मात्र पाहिलं. घाई न करता त्याने काच रुमालाने पुसली, चष्मा दोन्ही हातांनी काकूंच्या नाकावर बसवला आणि विचारलं, आता बरं दिसतंय... की मघाशी?

"आता कसं लख्ख," काकू म्हणाल्या.

तोवर तिचा हात पाठीमागे गेला होता. कुणी ओढला नव्हता. तिनेच नेला होता, आणि हे तिला त्या बोटापेक्षाही जास्त दुखलं.

घरात आल्यावर त्याने दार लावलं. दारं तो नेहमी हळूच लावतो, कडीचा सुद्धा आवाज येऊ देत नाही. चहा टाकला. तिच्यापुढे कप ठेवला, बशी न वाजवता. सोफ्यावर तिच्या शेजारी येऊन बसला. भिंतीपलीकडे काकूंनी टीव्ही लावला, त्यांची मालिका सुरू झाली. तिने मागे कधीतरी दिलेली पावलं तिलाच ऐकू येऊ लागली. लाकडी टाचांच्या चपला तिने हातात घालून फळीवर चालवल्या होत्या. तिथे मात्र कुणी रुबाबदार बाई जिना उतरत होती.

"एक विचारू?" तो म्हणाला. "सकाळी काकू बोलल्या तेव्हाच का नाही सांगितलंस त्यांना? एका वाक्याचं काम होतं."

तिने चहाचा एक घोट घेतला.

"बघू." आणि त्याने तिचा हात मांडीवर घेतला. करंगळीवरून अंगठा फिरवला, सूज कुठून सुरू होते आणि कुठे संपते ते बघितलं. मग धरली.

तिने श्वास धरला.

...आणि त्या धरलेल्या श्वासातच, कधी नव्हे ते, तिला कळलं की आपण काय करतोय. तिला काम शिकवणारा म्हातारा आठवला, त्याची ती पिवळी बोटं, कुजबुजत बोलायची सवय. पहिल्याच दिवशी त्याने तिला माइकसमोर नुसतं उभं केलं होतं, कितीतरी वेळ. कपडा सळसळला, चूक. पोटात गुडगुडलं, चूक. लाल दिवा लागला की तू इथे नाहीस, तो म्हणायचा, पडद्यावर जे आहेत तेच आहेत. तुझा श्वास आला की टेक गेला. आणि ती शिकली. इतकी चांगली शिकली की म्हातारा गेल्यावर तिच्याइतकी निःशब्द उभी राहणारी बाई सबंध धंद्यात दुसरी नाही असं लोक म्हणू लागले. ते शिकणं ती घरीही घेऊन आली होती. हात मांडीवर घेतला गेला की तिच्या आत कुठेतरी लाल दिवा लागायचा, आणि ती नाहीशी व्हायची, टेक खराब होऊ नये म्हणून. कुणाचा टेक? एवढी वर्षं तिला वाटत होतं की भिंती जाड आहेत, काकूंचे कान मालिकेला विकलेले आहेत, तो हुशार आहे. तो होताच हुशार. पण त्याच्या शांततेतली निम्मी शांतता तर माझी होती. माझ्या कसबाची. मी ती त्याला रोज पुरवत होते, टाचांच्या चपलांसारखी, कपासारखी, दारासारखी.

तिला स्वतःची दया आली.

"एवढं..." तो म्हणाला.

सांधा कुरकुरला. भिंतीपलीकडे रुबाबदार बाई अजून जिना उतरत होती. आता इथे काहीही पडलं, फुटलं, आदळलं, तरी काकू म्हणणार, चाललंय पोरीचं काम. सगळे आवाज त्याने आज एकाच संध्याकाळी निरुपयोगी करून टाकले होते. सगळे... हातापायांचे.

तोंडाने जे काही येतं ते नटीचं.

"...की एवढं?"

तिने श्वास सोडला. म्हणजे सुटलाच तो. त्याच्याबरोबर काहीतरी बाहेर आलं. किंकाळी नव्हती ती. तशी किंकाळी कशी मारतात हे नटीला ठाऊक. हे लहानसं होतं, खरबरीत, कडेला फाटलेलं, वर्षानुवर्षं न उघडलेल्या खिडकीने पहिल्यांदा उघडताना करावं तसं काहीतरी. स्टुडिओत रेकॉर्डिस्टने हात वर करून थांबवलं असतं. भिंतीपलीकडे ऐकू जाईल असं तर ते मुळीच नव्हतं. तिला आधी कळलंच नाही की ते आपलं आहे. ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि त्याच्या शांत, तपकिरी डोळ्यांत तिला दिसलं की त्यालाही ते ओळखू आलं नव्हतं. त्याची बोटं जिथल्या तिथे थांबली. त्याने भिंतीकडे पाहिलं. या घरात राहायला आल्यापासून पहिल्यांदाच त्याने त्या भिंतीकडे पाहिलं होतं.

"हे काय?" तो हळूच म्हणाला.

काय ते तिलाही सांगता आलं नसतं. काकूंकडची मालिका चालूच होती, काकू उठल्या की नाही, कान दिला की नाही, तिला माहीत नव्हतं, आणि नवल म्हणजे ती त्याची वाट बघत नव्हती. बोट दुखत होतं. भीती होतीच, आज तर जास्तच होती. पण छातीत हवा भरत होती, खालपर्यंत, आजवर कधी जाऊ दिली नव्हती तिथपर्यंत, आणि ही हवा धरून ठेवायची नाही, एवढं एकच तिला पक्कं ठाऊक होतं.